चाळीतल्या खोलीची गोधडी: कोण कुठे झोपायचं, हे कापडात कसं शिवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली पुनर्विकासात गेली. त्या १६० चौरस फुटांत एके काळी नऊ माणसं राहत होती. आजीची सात नऊवारी लुगडी, आजोबांची दोन धोतरं, गिरणीतला खाकी सदरा आणि पितळी बिल्ला एवढं हाताशी उरलं आहे. यातून घरात राहील आणि वापरताही येईल अशी एखादी वस्तू हाताने करायची आहे. जुने फोटो छापून उशा कराव्यात, की कपडे काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावावेत?

दोन्ही नको. छापलेल्या उशीवर फोटो बहुतेक वेळा पातळ प्लास्टिकच्या थरावर येतो. तो थर कापडाला ताठ करतो, धुण्यात तडकतो आणि पाच-सहा धुलाईत चेहरे खवल्यांसारखे निघायला लागतात. काचेच्या चौकटीचा त्रास वेगळा. मुंबईच्या पावसाळ्यात काचेच्या आत दमटपणा अडकतो, काचेला टेकलेल्या कापडावर बुरशी धरते आणि हे लक्षात येईपर्यंत तपकिरी ठिपके पक्के झालेले असतात. शिवाय या दोन्हींत गोष्ट येत नाही, फक्त वस्तू दिसते.

लुगडी आणि धोतरं हाताशी असताना गोधडीच शिवावी. तुमचं मूळ सातारा-कोल्हापूरकडचं असेल तर घरात तिला वाकळ म्हणत असतील. पण ठिगळं कशीही जोडून शिवू नका. तुमच्या गोष्टीचा गाभा ‘एवढ्याशा खोलीत नऊ जण’ हा आहे, आणि नऊ जण राहायचे म्हणजे नेमकं काय ते रात्रीच कळतं. म्हणून गोधडीलाच खोलीचा नकाशा करा आणि कोण कुठे झोपायचं ते त्या-त्या माणसाच्या कापडाने दाखवा. अख्ख्या घराण्याचा इतिहास एका वस्तूत कोंबायला गेलात की तिचं प्रदर्शन होतं. एक वर्ष आणि एक रात्र घ्या.

आधी माप

बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बांधल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. तुमची खोली १० बाय १६ फूट धरून हिशेब देतो, पण घरात जुना करारनामा किंवा नकाशा असेल तर त्यातलीच मापं घ्या.

एका फुटाला ३ इंच हे प्रमाण ठेवलं की खोली ३० बाय ४८ इंचांची होते. हे माप सोयीचं आहे. मांडीवर-पायांवर घेता येतं, लहान मुलाला पुरतं, भिंतीवर टांगता येतं आणि एका माणसाला महिना-दीड महिन्यात शिवून होतं. या प्रमाणात मोठ्या माणसाची झोपायची जागा (२ बाय साडेपाच फूट) ६ बाय साडेसोळा इंच येते, तर लहान मुलाची (दीड बाय ४ फूट) साडेचार बाय १२ इंच. खाट ३ बाय ६ फुटांची असेल तर ९ बाय १८ इंच. मोरी ३ बाय ३ फुटांची असेल तर ९ बाय ९ इंच.

आता एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. हाताने शिवलेली गोधडी आक्रसते. प्रत्येक टाक्यागणिक कापड थोडं ओढलं जातं आणि शेवटी गोधडी आखलेल्या मापापेक्षा लहान भरते. किती लहान ते तुमच्या हातावर, थरांवर आणि ओळींमधल्या अंतरावर ठरतं, म्हणून नमुना शिवल्याशिवाय सांगता येत नाही. जे थर वापरणार तेच घेऊन १२ बाय १२ इंचांचा तुकडा पूर्ण शिवा आणि मोजा. तो साडेअकरा इंच भरला तर आखताना एक फूट ३ इंचांचा न धरता ३.१३ इंचांचा धरायचा (३ गुणिले १२, भागिले ११.५). म्हणजे आखणी ३१¼ बाय ५० इंचांची करायची, शिवून झाल्यावर ती ३० बाय ४८ वर येते. तुकडेही याच हिशेबाने कापायचे.

वर्ष ठरवणं आणि माणसं बसवणं

खोलीचा आराखडा चौकटीच्या कागदावर काढून त्याच्या प्रती करा. त्या वेळी खोलीत राहिलेल्या, आज हयात असलेल्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवून एकेक प्रत भरायला द्या. एकत्र बसवलं की सगळ्यात मोठ्या आवाजाचं माणूस सगळं ठरवतं. ‘आठवणी सांगा’ असं विचारलंत तर ठरलेली चार वाक्यं मिळतात. विचारायचं ते असं: डोकं कुठल्या भिंतीकडे होतं? रात्री मोरीकडे जाताना कोणाला ओलांडावं लागायचं? अंथरुणं सकाळी कुठे रचायची? दिवा कोण मालवायचं? खाटेवर कोण आणि खाटेखाली कोण?

उत्तरं जुळणार नाहीत, कारण प्रत्येक जण वेगळं वर्ष आठवत असतो. इथे वर्ष पक्कं करावं लागतं, आणि गिरणी कामगाराच्या घरात त्याने फार फरक पडतो. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबत गेला तसे कितीतरी कामगार बायकामुलांसह गावी परतले. म्हणजे १९८०च्या मे महिन्यात गावचे पाहुणे धरून खोलीत अकरा जण असतील, तर १९८३च्या दिवाळीत चारच. गच्च भरलेली खोली शिवायची की रिकामी होत गेलेली, हे घरच्यांनी ठरवावं. माझा कौल भरलेल्या खोलीला, कारण तिच्यात सगळ्यांची कापडं वापरता येतात. रिकाम्या खोलीची गोधडी दिसायला जास्त देखणी होईल, पण ती तुमच्याऐवजी पाहुण्यांना आवडेल.

तीन जागा नकाशावर सपाट बसत नाहीत, आणि नेमक्या त्याच सगळ्यात बोलक्या असतात.

रातपाळीचा माणूस रात्री खोलीत नसतो. त्याच्या जागेवर रात्री दुसरं कोणी झोपतं आणि सकाळी तो येऊन तिथेच पडतो. एकाच जागेचे दोन मालक. इथे दोन तुकडे एकावर एक लावा. खालचा पूर्ण शिवलेला, वरचा फक्त डोक्याच्या बाजूने, म्हणजे तो झडपेसारखा उचलता येतो. वर दिवसाचा माणूस, खाली रात्रीचा. खाकी सदऱ्याचं कापड वरच्या तुकड्याला वापरा. ते जाड असतं आणि झडपेला अस्तरासकट दोनच थर येत असल्याने तिथे जड होत नाही.

खाटेचंही तसंच. खाटेचा तुकडा एका लांब बाजूने शिवायचा, तिन्ही बाजू मोकळ्या ठेवायच्या आणि त्याखाली झोपणाऱ्या मुलांचे तुकडे लावायचे.

तिसरी जागा गॅलरी. उन्हाळ्यात पुरुष आणि मोठी मुलं बाहेर झोपत असतील तर दाराच्या बाजूला गोधडीबाहेर एक वेगळी पट्टी जोडा. ४ फूट गॅलरी म्हणजे १२ इंच. ती पातळ ठेवा, दोनच थरांची, म्हणजे खोलीपेक्षा तिचा पोत हाताला वेगळा लागतो. टांगताना ही बाजू खाली घ्या.

कापडाची परीक्षा

कात्री हातात घेण्याआधी दोन कामं. प्रत्येक लुगडं पूर्ण उलगडून, पदर आणि काठ दिसतील असा त्याचा फोटो काढा, आणि घरातल्या सगळ्यांची परवानगी घ्या. पहिल्याचा कंटाळा केला तर पुढे कुठला तुकडा कशाचा ते आठवत नाही. दुसऱ्याचा केला तर भांडण होतं. सातांपैकी एक लुगडं अजिबात कापू नका.

मग ताकद. लुगडं खिडकीसमोर उजेडात धरा. जिथे जाळीसारखं आरपार दिसतं तिथे ते विरलेलं आहे. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड बाजूंना हलकं ताणा. ‘फस्स’ आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली तर तो भाग वरच्या थराला चालणार नाही. नऊवारीत काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, निऱ्यांकडचं कापड त्या मानाने धड राहिलेलं असतं. एका लुगड्यात सुमारे ८.२ मीटर कापड असतं, त्यामुळे निम्मं बाद झालं तरी तुम्हाला भरपूर उरतं.

इरकल असेल तर थोडं जपून. तिचा पदर अंगाबरोबर सलग विणलेला नसतो. पदराचा ताणा (उभे धागे) वेगळा, तो अंगाच्या ताण्याला वळ्यांनी अडकवलेला असतो. त्या जोडावरून कात्री फिरली की वळ्या सुटतात आणि पदर हातात येतो. जोड तुकड्यात हवाच असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं कापड ठेवा आणि कापण्याआधी जोडावर बारीक धावदोरा घालून घ्या.

जरीचं किंवा रेशमी कापड गोधडीत नको, निदान धुतल्या जाणाऱ्या गोधडीत तर नकोच. जुनं रेशीम घडीच्या रेषेवर तुटतं आणि जरीची तार सुटली की टोचते. शालू किंवा पैठणी असेल तर ती घडी बदलत जपून ठेवा, हा प्रकल्प तिचा नाही.

रंगाची परीक्षा प्रत्येक कापडाची घ्या, विशेषतः लाल, काळं आणि निळं. पांढरं सुती फडकं कोमट पाण्यात भिजवून पिळा, कापडाच्या उलट बाजूवर ठेवून वर दहा मिनिटं वजन ठेवा. फडक्याला रंग लागला तर ते कापड सुटतं आहे. मीठ किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सर्रास सांगितलं जातं. तयार कापडातला सुटणारा रंग त्याने पक्का होत नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत ते कापड वेगळं धुवत राहा. पाच-सहा वेळा धुऊनही रंग गेलाच तर पांढऱ्या धोतराशेजारी ते लावू नका. कळीचं कापड असेल आणि लावायचंच असेल, तर गोधडी धुवायची नाही असं आत्ताच ठरवा.

सगळी कापडं शिवण्याआधी धुवायची आहेतच, कारण जुन्या कापडात खळ राहिलेली असते आणि तिला कसर लागते. सौम्य साबण, साधं पाणी, टबात बुडवून दाबायचं. पिळायचं नाही, आपटायचं नाही, ब्लीच तर नाहीच. विरलेलं लुगडं ओलं असताना एका टोकाला धरून उचललं तर स्वतःच्या वजनानेच फाटतं. ते चादरीवर ठेवून चादरीसकट उचला. डांबरगोळ्यांचा वास एका धुण्यात जात नाही, सावलीत आठवडाभर वाऱ्यावर टाकावं लागतं.

आजीचा वास हवा म्हणून न धुता शिवू का, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. नाही. घाम आणि तेल कापडाला खातात आणि किडे बोलावतात. वीतभर तुकडा न धुता घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, बाकीचं धुवा.

एखादं कापड महत्त्वाचं आहे पण टिकणार नाही, असं होतंच. त्यामागे चिकट कॅनव्हास इस्त्रीने लावून द्यायचा सल्ला शिंपी देतील. तो घेऊ नका. कापड पुठ्ठ्यासारखं होतं आणि काही धुलाईंनंतर बुडबुडे येतात. त्याऐवजी मागे मलमलीचा तुकडा टाका आणि त्या भागात धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या सेंटिमीटरवर आणा. दाट टाकेच त्याला धरून ठेवतात. नवी मलमल असेल तर आधी गरम पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि वरचं जुनं कापड चुण्यांनी भरतं.

कापड कमी पडलं म्हणून नवं कापड चहाच्या पाण्यात बुडवून जुनं दिसेल असं करू नका. चहातल्या टॅनिनने सूत कमकुवत होतं, आणि खोटं जुनं कापड खऱ्या जुन्या कापडाशेजारी लगेच ओळखू येतं. नवं ते नवं दिसू द्या.

थर आणि सामान

तळाला सलग लुगडं, ३६ बाय ५५ इंच. लुगड्याचा पन्हा ४५ ते ५० इंच असतो, त्यामुळे जोड लागत नाही. सगळ्यात मऊ लुगडं इथे वापरा, अंगाला तेच लागणार आहे. त्यावर धोतराचे दोन थर, ३४ बाय ५३ इंच. त्यातला वरचा थर म्हणजेच खोलीची जमीन, ती पांढरीच राहू द्या. त्यावर माणसांचे तुकडे. म्हणजे जमिनीला तीन थर, माणूस आहे तिथे चार. आणखी एक थर घालायचा मोह होईल, ऊब यावी म्हणून. पाच थरांतून सुई जाते, पण टाका लांब होतो आणि अंगठ्याची वाट लागते. मधे कापूस किंवा पॉलिएस्टरची वॅडिंग घातली तर ती रजई झाली.

दोरा सुतीच. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या सुतापेक्षा मजबूत असतो आणि ताण आला की दोरा तुटायच्या ऐवजी कापड कापलं जातं. तुटलेला दोरा पुन्हा भरता येतो, चिरलेलं लुगडं नाही. ८ नंबरचा पर्ल कॉटन (भरतकामाचा पिळदार सुती दोरा) उत्तम, नाहीतर अँकरच्या सहा पदरी भरतकामाच्या दोऱ्याचे तीन पदर. ओळी एक सेंटिमीटर अंतरावर धरल्या तर या मापात साधारण ९५ मीटर शिवण होते, त्याला दोरा लागतो सुमारे १२० मीटर. पर्ल कॉटनचा गुंडा ८५ मीटरच्या आसपासचा असतो, म्हणजे दोन गुंडे, आणि नावांसाठी वेगळा रंग. दोन्ही गुंडे एकदम आणा, छटा बदलतात. सुई ७ किंवा ८ नंबरची भरतकामाची. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढाच घ्या, लांब घेतला की पिळ खाऊन विरतो. मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घेतला तर गुंता कमी होतो.

आखणीसाठी साबणाची वाळलेली चीप वापरा, जुन्या शिंप्यांचं हे साधन अजून कुणी मागे टाकलेलं नाही. फिक्या कापडावर अगदी हलकी शिसपेन्सिल. पाण्याने जाणाऱ्या पेनाच्या रेघेवर चुकून इस्त्री फिरली तर ती कायमची बसू शकते, आणि इस्त्रीने जाणाऱ्या पेनाची रेघ थंडीत परत उमटते.

शिवण

फरशीवर तळाचं लुगडं उलट बाजू वर करून पसरा, कडा चिकटपट्टीने जमिनीला लावा. ताणू नका, फक्त सुरकुती जाऊ द्या. त्यावर धोतराचे थर. मधल्या बिंदूपासून बाहेर कच्चा टाका घाला, उभ्या-आडव्या ओळी चार-चार इंचांवर. या कामाला दोन-अडीच तास जातात आणि बहुतेक लोक ते उरकून टाकतात. गोधडीच्या मधोमध फुगा येतो तो इथेच पेरला जातो.

कच्चा टाका झाला की खोली आखा, दार, खिडकी आणि मोरीसकट. माणसांचे तुकडे चहूबाजूंनी एक सेंटिमीटर जादा कापा, तेवढी कड आत दुमडून टाचण्या लावा आणि जवळजवळच्या तुरपाईने बसवा. भिंतीच्या रेषेपासून अर्धा इंच आत राहा, तिथे गोट (कडेची दुमडलेली पट्टी) येणार आहे. कापडाचा उभा धागा माणसाच्या लांबीच्या दिशेने ठेवा. तिरका तुकडा धुण्यात वाकडा होतो आणि झोपलेलं माणूस कुशीवर वळल्यासारखं दिसायला लागतं. काही घरांत ते खपूनही जाईल.

लुगड्याचे काठ वाया घालवू नका. दाराच्या उंबऱ्याला आणि खिडकीच्या चौकटीला काठाची पट्टी लावा. काठ मुळात दाट विणीचा असल्याने कापलेली एकच बाजू दुमडावी लागते. मोरीला गडद, एकरंगी तुकडा. चोळीचा खण उरला असेल तर तो लहान मुलींच्या तुकड्यांना द्या, पन्हा कमी असला तरी साडेचार इंचांना पुरतो.

आता गोधडीचा मुख्य धावदोरा. पारंपरिक पद्धत अशी की बाहेरच्या कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत यायचं. सराईत बाई डाव्या हाताने सतत पुढचं कापड सारखं करत जाते म्हणून तिला ते जमतं. पहिल्यांदा शिवणाऱ्याने असं केलं की सगळा झोळ मध्यावर गोळा होतो आणि तो काढायला जागाच उरत नाही. तुम्ही मध्यातून एक उभी आणि एक आडवी ओळ घाला, मग दोन्ही बाजूंनी बाहेर जा, कड शेवटी.

ओळींची दिशा हा या गोधडीतला सगळ्यात सुंदर भाग होऊ शकतो. जमिनीवर ओळी खोलीच्या लांबीने, म्हणजे १६ फुटांच्या दिशेने जाऊ द्या आणि प्रत्येक माणसाच्या तुकड्यात डोक्याकडून पायांकडे. उजेड तिरका पडला की माणसं पांढऱ्या जमिनीतून उठून दिसतात. अडचण एवढीच की शेजारचे दोन तुकडे वेगवेगळ्या दिशांनी ओढले जातात आणि गोधडी वेडीवाकडी होते. यावर उपाय म्हणजे आधी जमिनीच्या ओळी सगळीकडे चार-चार इंचांवर घालून घ्यायच्या, तुकड्यांच्या आत न शिरता. मग तुकडे भरायचे, मग जमिनीच्या मधल्या ओळी. टाका वरून चार ते पाच मिलिमीटर, खालून तेवढाच. सुईवर एका वेळी तीन-चार टाके घ्या, जास्त घेतले की खालचा थर सुटतो. दर दोन ओळींनंतर मागची बाजू बघा. गाठ मागे दिसू न देता थरांच्या मधे ओढून घ्या.

नवख्या हाताला तासाला तीन-चार मीटर जमतं, म्हणजे नुसता धावदोराच पंचवीस-तीस तासांचा. घरातल्या चौघांनी मिळून शिवायचं असेल तर प्रत्येकाने एकेक माणूस पूर्ण शिवावा. एकाच ओळीत हात बदलला की ताण बदलतो आणि तिथे वळी पडते. बाहेर शिवायला द्यायची झाली तर तुकडे बसवून, कच्चा टाका घालून मगच द्या. नुसती कापडं आणि नकाशा दिलात तर शिवणारी बाई तिच्या अंदाजाने जागा बदलेल, आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरच असेल.

शेवटी कड. मधले थर आखलेल्या रेषेवर कापा. तळाचं लुगडं रेषेबाहेर एक इंच ठेवून बाकीचं कापा, अर्धा इंच आत दुमडा, उरलेला अर्धा इंच वर आणून तुरपा. हा गोट म्हणजेच भिंत. शेजारी कर्नाटकात सिद्दी समाजातल्या बायका त्यांच्या कवंदीच्या (तिकडच्या गोधडीच्या) कोपऱ्यांना कापडाचं तिकोनी ‘फूल’ लावतात आणि त्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. तुमच्याकडे असली काही रीत असेल तर वयस्कर बायकांना विचारून घ्या. उसनी आणून लावू नका.

नावं, बिल्ला, पाठीवरची चिठ्ठी

प्रत्येक तुकड्यावर घरात हाक मारायचे तेच नाव. पूर्ण नाव-आडनाव घातलंत की ती मतदारयादी होते. त्या माणसाच्या अक्षरातलं नाव जुन्या वहीत, पत्रात किंवा रेशनकार्डामागे सापडलं तर कार्बन कागदाने उतरवून घ्या. अक्षराची उंची किमान १२ मिलिमीटर हवी, त्याहून लहान असेल तर वेलांटी-उकार टाक्यात हरवतात. दोन पदरांनी उलटी टीप, अक्षरं आधी आणि शिरोरेघ शेवटी. आधी शिरोरेघ घातली तर कापड किंचित आक्रसतं आणि अक्षरं तिच्याखाली तिरकी लोंबतात. नावं मुख्य धावदोऱ्याआधी, तुकडा सुटा असताना भरा.

पितळी बिल्ला शिवून टाकू नका. ओलावा लागला की पितळ हिरवं पडतं आणि तो डाग सुतातून निघत नाही, शिवाय वजनाने कापड ओघळतं. खाकी सदऱ्याचा खिसा झाकणीसकट उसवून घ्या, आजोबांचे कपडे ज्या खुंटीला असायचे तिथे तो लावा आणि बिल्ला त्यात ठेवा. धुताना काढता येतो. सदऱ्याची बटणं लावायची असतील तर गोधडी तान्ह्या मुलाच्या हाती देऊ नका.

मागे ५ बाय ७ इंचांची पांढरी सुती चिठ्ठी. तिच्यावर वर्ष, चाळ आणि खोलीचा क्रमांक, माणसांची पूर्ण नावं आणि नाती, कुठला तुकडा कोणत्या लुगड्याचा, कोणी शिवली, कधी शिवली. रातपाळीच्या झडपेचा अर्थही लिहा, वीस वर्षांनी तो कोणाला कळणार नाही. बॉलपेन वापरू नका, त्याची शाई फिकी होते आणि पसरते. कापडासाठीचं पिगमेंट शाईचं पेन घ्या, लिहून झाल्यावर इस्त्री करा आणि मग शिवा. इथे मात्र फोटो चालतो: चिठ्ठीची वरची बाजू उघडी ठेवलीत तर आत फोटोची प्रत राहते.

वापर

टांगायची असेल तर मागे वरच्या कडेला चार इंच रुंद कापडी बाही शिवा आणि त्यातून काठी घाला. चिमट्यांनी टांगली की सगळं वजन चार बिंदूंवर येतं आणि तिथे लुगडं फाटतं. ऊन येणारी भिंत टाळा. बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर टांगली तर मधे दीड इंच फट ठेवा आणि जून ते सप्टेंबर सरळ काढून ठेवा. ठेवताना घडी घालण्याऐवजी सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी नको.

धुवायची वेळ आली तर टबात, साध्या पाण्यात, दाबून. मशीनच्या हलक्या फेऱ्यातही टाके टिकतील, कापड टिकणार नाही. सावलीत आडवी वाळत घाला. दोरीवर टाकलीत तर ओल्या वजनाने मधल्या ओळी तुटतात. तुटलेल्या ओळी लगेच भरा, एक ओळ सुटली की शेजारच्यांवर ताण येतो.

राहिला प्रश्न भावंडांचा. एका गोधडीला तळासाठी एकाच लुगड्यातलं दीड मीटरच्या आत कापड लागतं आणि बाकी लुगड्यांचे वीत-दोन वीत तुकडे, त्यामुळे सहा लुगड्यांत तीन-चार गोधड्या आरामात होतात. अडेल ते धोतराशी: एका गोधडीला २.७ मीटर लागतं. दुसऱ्या गोधडीनंतर पांढरी मलमल घ्या, पण ती मधल्या खालच्या थराला, जमीन धोतराचीच राहू द्या. खाकी खिसा मात्र एकच आहे. तो कोणाच्या गोधडीवर जाणार हे कापायच्या दिवशीच ठरवून घ्या.